धूळ, गंज आणि मेण

फायबरची होडी बाहेरून आत अशी बांधली जाते. आधी साचा तयार होतो. त्याची आतली भिंत घोटून गुळगुळीत केलेली असते. तिच्यावर मेणाचे हात देऊन ते पुसतात, त्या मेणावर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा फवारा मारतात आणि तो थर आवळू लागला की त्याच्या पाठीवर काचतंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवतात. सगळे कडक झाल्यावर कवच साच्यातून उचकटून काढले जाते. जो थर सर्वांत आधी मारला, तोच आता सर्वांत बाहेर दिसतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि होडीच्या उरलेल्या आयुष्यात तिच्या दिसण्याचे जे काही भले-बुरे व्हायचे, ते एवढ्याच जाडीत होते.

नव्या होडीची चकाकी ही साच्याच्या भिंतीची हुबेहूब नक्कल असते. साच्याला ती एका मूळ नमुन्यावरून मिळते, आणि तो नमुना कोणीतरी पाणी सोडत, वॉटर पेपरचे नंबर बदलत, हाताने घासलेला असतो. ‘होडीची मूळ चमक’ असे सहज बोलले जाते. पण मूळ शोधत मागे गेले तर प्रत्येक टप्प्यावर घासणारा हात आणि पुसलेले मेण सापडते. शिवाय चमक हा रेझिनचा अंगभूत गुण नव्हे, ती पृष्ठभागाची एक अवस्था आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचे खाचखळगे त्याहून बरेच लहान असले, तर किरण एकाच दिशेने परततात आणि पाण्याची हालचाल होडीच्या अंगावर स्पष्ट उमटते. खळगे मोठे झाले की तेच किरण वाटेल तसे विखुरतात. रंग तोच, रेझिन तेच, पण डोळ्यांना पांढुरका पडदा दिसतो.

हे खळगे पाडणारा मुख्य हात सूर्याचा. उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, वरचा पापुद्रा ठिसूळ होतो आणि त्यात बसलेले रंगद्रव्याचे कण सुटे पडतात. अशा होडीवरून तळवा फिरवला की हाताला खडूसारखी पूड लागते. वाळलेले खारे थेंब, बंदरातली काजळी आणि पक्ष्यांची विष्ठा यांची भर पडते, पण ती वरवरची. गडद निळ्या किंवा तांबड्या होडीचे वय पांढरीच्या आधी कळते, कारण पांढऱ्यावरची पांढरी पूड बराच काळ दडून राहते.

गेलेली चमक परत आणण्याचे काम ठरलेल्या क्रमाने चालते, आणि क्रम चुकला की दुप्पट होते. गोडे पाणी आणि साबण यांनी मीठ व काजळी आधी धुवावी लागते. तसेच घासायला घेतले तर मिठाचे स्फटिकच ओरखडे पाडतात. मग जुने मेण द्रावकाने उतरवतात. अंग फारच खडबडीत असेल तर पाणी सोडत आधी १००० नंबरचा आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर फिरवतात. २००० नंबरच्या कागदावरचे कण सुमारे दहा मायक्रॉनचे असतात, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने अजूनही धोंडेच. म्हणून त्यानंतर लोकरीच्या बफाने कंपाउंड, आणि मग मऊ बफाने बारीक पॉलिश. प्रत्येक पायरीचे काम आदल्या पायरीचे ओरखडे काढून त्याहून बारीक ओरखडे पाडणे एवढेच असते. ओरखडे इतके बारीक झाले की प्रकाशाला ते जाणवेनासे होतात, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. कडा आणि कोपरे इथे बफ फार वेळ टेकवत नाहीत. तिथे थर लवकर संपतो आणि आतले काचतंतू उघडे पडतात. सर्वांत शेवटी मेण: पातळ हात द्यायचा, धुरकट होईपर्यंत थांबायचे, मऊ कापडाने पुसायचे. घाई करणारे घासण्याचा टप्पा गाळून थेट मेण लावतात. मेण खळग्यांत बसते, होडी काही दिवस उजळ दिसते, आणि मेण झिजले की पूड होती तिथेच असते.

या कामात दोन वेगळ्या क्रिया आहेत: घासून काढणे आणि वर चढवणे. चित्तशुद्धीचा विचार करणाऱ्या जवळपास प्रत्येक धर्मपरंपरेने याच दोन क्रियांच्या आधारे एक प्रश्न विचारला आहे. तेज आधीपासून असते आणि फक्त झाकले जाते, की ते कमवावे लागते? आधीपासून असेल तर साधना म्हणजे निव्वळ आवरण दूर करणे. कमवावे लागत असेल तर ते गमावताही येते, आणि मग मुक्ती कायमची कशी? परंपरांनी हा प्रश्न बहुधा आरशावर तपासला. होडीचे अंग आरशाहून कठोर परीक्षक आहे.

आरशाचा दृष्टान्त सगळीकडे आढळतो याचे एक साधे कारण आहे. काचेच्या पाठीवर चांदीचा मुलामा दिलेला आरसा ही अलीकडची वस्तू. त्याआधी हजारो वर्षे आरसा म्हणजे घासलेला धातू: कांसे, तांबे, लोखंड. तो घासला नाही तर त्यात तोंड दिसत नसे. घासणे हे आरशाच्या मालकीचेच अंग होते. आजच्या माणसाला आरसा फडक्याने पुसण्यापलीकडे काही करावे लागत नाही, त्यामुळे जुन्या ग्रंथांतला हा दृष्टान्त त्याला अर्धाच कळतो. फायबरच्या होडीची निगा राखणाऱ्याला तो पुरता कळतो.

भारतीय ग्रंथांत या दृष्टान्ताचे रूप बहुतेक वेळा धुळीचे असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने ज्ञान कसे झाकले जाते हे सांगताना धुराने वेढलेला अग्नी, मळाने माखलेला आरसा आणि वारेत गुंडाळलेला गर्भ असे तीन दाखले येतात. श्वेताश्वतर उपनिषदात मातीने लिंपलेले तेजस्वी बिंब धुतल्यावर पुन्हा झळकते. पाली अंगुत्तरनिकायात चित्त स्वभावतः प्रभास्वर असून बाहेरून आलेल्या क्लेशांनी मलिन होते असे म्हटले आहे. पुढे महायान पंथाने या ‘बाहेरून आलेल्या’ मळावर तथागतगर्भाचे सगळे तत्त्वज्ञान उभे केले. या सर्वांत एक गृहीत समान आहे. मळ परका आहे. तो आला तसा जाईल, आणि तो गेल्याने खालच्या वस्तूचे काहीही कमी होणार नाही.

गंजाचा दृष्टान्त वेगळ्या जातीचा आहे. धम्मपदाच्या मलवर्गात लोखंडावर उपजलेला गंज त्याच लोखंडाला खातो असे सांगून माणसाच्या स्वतःच्या कृत्यांविषयी तेच म्हटले आहे. कुराणाच्या ८३व्या सूरेत माणसांनी जे कमावले त्याचाच गंज त्यांच्या हृदयांवर चढल्याचा उल्लेख येतो, आणि सूफी परंपरेत नामस्मरण म्हणजे हृदयाला दिलेली जिल्हई ही कल्पना फार लाडकी आहे. गझाली (१०५८–११११) यांच्या ग्रंथात आणि नंतर तेराव्या शतकात रूमीच्या मस्नवीत एक कथा आहे: दोन गटांतले कारागीर समोरासमोरच्या भिंती सजवायला घेतात, एक गट रंगांनी चित्रे काढतो, दुसरा नुसती भिंत घासत राहतो, आणि मधला पडदा सरकल्यावर समोरचे सगळे चित्र घासलेल्या भिंतीत अधिक देखणे उमटते. गझालींकडे घासणारे चिनी आहेत, रूमीकडे रूमचे लोक. कथा घासणाऱ्यांच्या बाजूची आहे, पण भिंतीची जाडी किती उरली हे ती सांगत नाही.

धूळ आणि गंज यांतला फरक वरकरणी किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सगळा वाद त्यातच आहे. धूळ बाहेरची, गंज म्हणजे धातूच, फक्त बिघडलेला. गंज काढला की धातूही तेवढा कमी होतो.

होडीच्या बाबतीत निकाल फडक्यावर दिसतो. निळ्या होडीला कंपाउंड मारले की फडके निळे होते, तांबडीला मारले की तांबडे. जी घाण म्हणून पुसली जाते ती होडीचीच कातडी असते. बौद्ध परंपरेतली चूळपंथकाची गोष्ट इथे आठवते. ज्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, त्या भिक्षूला बुद्धांनी एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि धूळ दूर करण्याचा मंत्र म्हणत ते चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले, आणि मळ आपल्याच शरीराचा आहे हे पाहून त्याला अनित्यतेचा बोध झाला. गोष्टीचे नाव धुळीचे असले तरी तिचा शोध गंजाचा आहे. चूळपंथकाने वस्तूऐवजी फडक्याकडे पाहिले, आणि बहुतेक चर्चांत नेमके तेच राहून जाते.

शंकराचार्यांनी हा प्रश्न ब्रह्मसूत्रभाष्यात, समन्वयाधिकरणावर लिहिताना, इतका नेमका मांडला आहे की जणू त्यांच्यासमोर घासायला काढलेली एखादी वस्तूच असावी. क्रियेचे फळ चार प्रकारचे असू शकते असे ते धरतात: नवे काही उत्पन्न करणे, असलेल्यात विकार घडवणे, दूरचे काही मिळवणे, किंवा संस्कार करणे. संस्काराचे पुन्हा दोन प्रकार, गुण घालणे किंवा दोष काढणे. मेण आणि पॉलिश यांचे याहून स्वच्छ वर्गीकरण आजही कोणाला करता येणार नाही. मोक्ष यांपैकी कशातच बसत नाही, हा त्यांचा दावा. मग पूर्वपक्षी विचारतो, मोक्ष हा आत्म्याचा स्वतःचाच पण झाकलेला धर्म मानला, आणि आरसा घासल्यावर त्याचे तेज प्रकट व्हावे तसा तो क्रियेने प्रकट होतो असे म्हटले, तर काय बिघडले? आचार्यांचे उत्तर थोडक्यात असे: क्रिया आपल्या आश्रयात बदल घडवल्याशिवाय होऊच शकत नाही. आत्म्यावर घासण्याची क्रिया होते म्हटले की आत्मा बदलतो, आणि जे बदलते ते अनित्य.

हे उत्तर सहसा आत्म्याच्या बाजूने वाचले जाते. आरशाच्या बाजूने वाचले तर ते अधिकच पटते. आचार्य आरशाविषयीच सांगत आहेत की ‘नुसते प्रकट करणे’ अशी निरुपद्रवी क्रिया कुठेच नसते. जे घासले जाते ते थोडे वेगळे होऊन उरते. घासून मिळणारे तेज त्यांना वस्तूंच्या जगात मान्य आहे, त्यासाठी किंमत द्यावी लागते एवढेच त्यांचे म्हणणे. अद्वैताला धुळीचा दृष्टान्त हवा असतो, पण त्याचा सर्वांत कुशाग्र भाष्यकार त्या दृष्टान्ताची मर्यादा स्वतःच दाखवून देतो. मळ खरोखर लागलेलाच नाही, तो लागल्यासारखा भासतो, म्हणून तो काढणे हे क्रियेचे नव्हे तर ज्ञानाचे काम, हा त्यांचा पुढचा टप्पा. होडीच्या मालकाला तो उपयोगी नाही. जेलकोटवरची पूड भास नसते.

अर्धा मिलिमीटर ही मोजकी शिल्लक आहे. बारीक पॉलिशने काही मायक्रॉन जातात, वॉटर पेपरने त्याहून बरेच अधिक. मग विचारावे लागते की दहा-बारा हंगामांनंतर जी चकाकते ती तीच होडी का. ग्रीक परंपरेत हा प्रश्न थीसियसच्या जहाजावरून विचारला गेला: अथेन्सवासी जुन्या फळ्या काढून नव्या घालत राहिले, आणि प्लूटार्क सांगतो त्याप्रमाणे तत्त्वज्ञांना वादाचा आयता विषय मिळाला. पण थीसियसच्या जहाजात काढलेल्याच्या जागी काहीतरी येत होते. घासण्यात फक्त जाते. त्याला न्याय-वैशेषिकांची चर्चा जवळची आहे. वस्त्रातून एक धागा ओढून काढला तर जुने वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या धाग्यांचे नवे, खंडित वस्त्र उत्पन्न होते, असे ते मानतात, कारण अवयवी आपल्या नेमक्या अवयवांतच राहतो. या हिशेबाने फडक्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक नवी होडी जन्माला येते. मत टोकाचे आहे आणि बौद्धांनी त्याची टर उडवलीही असती. पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. पॉलिश केल्यावर ‘जुनी होडी परत मिळाली’ असे म्हणण्याची सोय ते ठेवत नाही.

मेणाचे काम याच्या उलट आहे. त्याने चमक निर्माण होत नाही, असलेली टिकते. खारे पाणी आणि काजळी यांचा मारा आधी ते झेलते, स्वतः झिजते, आणि तेवढा काळ जेलकोट वाचतो. काही महिन्यांत ते संपते आणि पुन्हा लावावे लागते. उत्तम मेणांत वापरले जाणारे कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. पानांतले पाणी उन्हात उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःच पानावर आणते. पाने तोडून, वाळवून, झोडपून ते काढतात. ते वितळायला ८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते, म्हणून तापलेल्या गडद होडीवरही ते तग धरते.

ही विभागणी भारतीय दर्शनांपैकी जैनांनी सर्वांत काटेकोरपणे केली आहे. त्यांच्या मते कर्म हे सूक्ष्म पुद्गल आहे, म्हणजे खरोखरचे द्रव्य, आणि ते जीवाला येऊन चिकटते. येणे तो आस्रव, चिकटणे तो बंध. त्यावर उपाय दोन आणि दोन्ही स्वतंत्र: नवे येणे थोपवणे हा संवर, आणि आधीचे झाडून टाकणे ही निर्जरा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय सबंध याच दोहोंना वाहिलेला आहे. जैन परंपरेने यासाठी घेतलेला दृष्टान्त तर होडीचाच: भोकांतून पाणी आत येणे हा आस्रव, भोके बुजवणे हा संवर, आत साठलेले पाणी उपसणे ही निर्जरा. फक्त उपसत बसणारा दमतो आणि फक्त भोके बुजवणारा आधीच्या पाण्यानिशी बुडतो. मेणाशिवाय पॉलिश आणि पॉलिशशिवाय मेण यांची गत तीच. एका ठिकाणी मात्र जैन विचार होडीला सोडून जातो. कर्म हे जीवाच्या दृष्टीने अजीव, परके. ते सगळे झडले की जीवाचे अनंत ज्ञान अबाधित उरते. म्हणजे शेवटी ते धुळीच्याच पक्षात आहेत, फक्त त्यांची धूळ इतर कोणाच्याही धुळीपेक्षा खरी आहे.

मेणाचा विषय निघाला की गीतेच्या पाचव्या अध्यायातले, पाण्याने न भिजणारे कमळाचे पान आठवणे साहजिक आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या पानाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, तेव्हा दिसलेली गोष्ट गमतीची आहे. पान गुळगुळीत नसते. त्यावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे स्फटिक असतात. थेंब केवळ टोकांवर टेकतो आणि धूळ सोबत घेऊन घरंगळतो. अलिप्ततेचे हे सर्वमान्य प्रतीक चकाकत नाही, मंद दिसते. चमक आणि निर्लेपता एकच, ही समजूत आरशाने रुजवली. कमळ तिला दुजोरा देत नाही.

घासण्याविरुद्धचा सर्वांत प्रसिद्ध खटला चीनमध्ये चालला. झेन परंपरेतल्या षष्ठ कुलगुरूंच्या व्यासपीठसूत्रातली कथा अशी: पाचव्या कुलगुरूंचा वारस ठरवताना विद्वान शेन्श्यूने भिंतीवर पद्य लिहिले, त्याचा आशय होता की चित्त हा आरसा आहे, धूळ बसू नये म्हणून तो सतत पुसत राहावे. भात कांडण्याच्या कामावर असलेल्या निरक्षर ह्वेनंगने दुसऱ्याकडून उलट पद्य लिहवून घेतले: मुळात काहीच नाही, तर धूळ बसेल कशावर? वारसा ह्वेनंगला मिळाला. दक्षिणेच्या पंथाने ही कथा लोकप्रिय केली आणि शेन्श्यू मंदबुद्धीचा नमुना होऊन बसला. इतिहास त्याला एवढा कठोर नाही; सम्राज्ञी वूने त्याला राजधानीत मोठ्या सन्मानाने बोलावले होते, आणि त्याच्या पंथाविषयी आपल्याला जे सांगितले गेले ते बरेचसे प्रतिपक्षाचे कथन आहे, असे आधुनिक अभ्यासकांनी दाखवले आहे. होडीच्या अंगणात तर शेन्श्यूचाच पक्ष टिकतो. ‘पृष्ठभागच नाही’ हे पद्य लिहून चालते, पण ऊन ते वाचत नाही.

याच परंपरेत नंतर विटेची कथा आली. ध्यानाला बसलेल्या माझूसमोर त्याचे गुरू नान्यूए वीट घासत बसले. विचारल्यावर म्हणाले, आरसा करतो आहे. वीट घासून आरसा होत नाही, तर बसून बुद्ध कसा होशील, असा टोला. साधा अर्थ असा की घासण्याचा उपयोग होण्यासाठी द्रव्य त्या लायकीचे लागते, आणि हे कोणताही कारागीर मान्य करील. तेराव्या शतकात जपानच्या दोगेनने मात्र ही कथा उलटी केली. त्याच्या वाचनात वीट घासली जाते तेव्हाच आरसा असतो. साधना ही फळाकडे नेणारी वाट नसून फळाचेच चालू रूप आहे. चमक ही अवस्था आहे, मालमत्ता नाही, हे एकदा ध्यानात घेतले की दोगेनचे म्हणणे गूढ राहत नाही. निगा थांबली त्या दिवसापासून ऱ्हास सुरू होतो. चमकणारी होडी म्हणजे जिची निगा चालू आहे ती होडी.

अशा न संपणाऱ्या कामाचे तत्त्वज्ञान भारतात मीमांसकांनी लिहिले, आणि ते वाचण्याचा कंटाळा केला जातो हे दुर्दैव आहे. त्यांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. काम्य कर्म फळाच्या इच्छेने. नैमित्तिक काही निमित्त घडल्यावर. नित्य मात्र रोज, आणि त्याचे वेगळे फळ असेलच असे नाही. ते केल्याने काही मिळत नाही, न केल्याने दोष लागतो. आधुनिक माणसाला हे विचित्र वाटते, कारण त्याला प्रत्येक श्रमामागे मिळकत हवी असते. पण निगा राखण्याच्या कामाचे असेच असते. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने होडी धुतली तर ती आदल्या दिवशीपेक्षा चांगली होत नाही. न धुतली तर बिघडते. हंगाम संपल्यावरचे मेण नैमित्तिक म्हणता येईल. विकायला काढण्याआधी मारलेला झगझगीत बफ निखळ काम्य, आणि अनुभवी गिऱ्हाईक तो ओळखतो.

कोकणच्या किनाऱ्यावर हे चक्र पावसाने बांधलेले आहे. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, डागडुजी आणि रंगकाम होते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो आणि दर्यावर जाणे पुन्हा सुरू होते. लाकडी होड्यांची जागा फायबरने बऱ्याच ठिकाणी घेतली तरी हा क्रम बदललेला नाही. मात्र कार्नौबा मेण आणि लोकरीचा बफ हा सरंजाम प्रामुख्याने हौसेच्या नौकांचा. जाळी आणि दोर ज्या काठावरून दिवसभर ओढले जातात तिथे चकाकी राखण्याला अर्थ नाही. तिथे रंग लावतात, नाव ठळक करतात, नाळेला हार घालतात. पाणरेषेच्या वरची चमक होडीचा वेग वाढवत नाही. तिने ऱ्हास लांबतो आणि धुणे सोपे होते, हा व्यावहारिक लाभ. त्यापुढचे सगळे डोळ्यांसाठी. त्याला दंभ म्हणायचे की आदर, हे काम कोण आणि कशासाठी करतो यावर ठरते. ज्ञानेश्वरांनी चांगदेव पासष्टीत आरशाचा विचार करताना घासण्याचा वादच बाजूला ठेवला आहे: आरसा पुढे नसला तरी मुख मुखाच्या ठिकाणी असतेच. पाहणारा कोणी नसताना होडी चमकावणाऱ्यालाही काहीसे असेच उत्तर द्यावे लागेल.

शुद्धीच्या चर्चेत काढलेला मळ जातो कुठे हे क्वचितच विचारले जाते. कंपाउंडची पूड, द्रावक आणि फडक्यांचे पाणी धक्क्यावरून समुद्रातच उतरते. पाण्याखालच्या भागाची कथा याहून गंभीर आहे. तिथे मेण नसते. शेवाळ आणि शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग असतो. ट्रायब्युटिल टिन असलेले असे रंग अतिशय गुणकारी ठरले, आणि फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातल्या शिंपल्यांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर या रंगांना बंदी घातली. त्यांच्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी लागू झाला. एका वस्तूचे शौच हे दुसऱ्या कोणाचे तरी अशौच असते, हा हिशेब योगसूत्रांतल्या शौच या नियमावर लिहिणाऱ्यांनी फारसा मांडलेला नाही. पाण्यात टाकलेले पाण्यात विरले, असे मानण्याची जुनी सवय त्याला कारण असावी.

जेलकोट घासून घासून इतका पातळ होतो की खालच्या तंतूंची वीण डोकावू लागते, तेव्हा बफ उचलून ठेवण्याखेरीज गत्यंतर नसते. मग होडी रंगवतात, बहुधा दोन घटक मिसळून लावायच्या पॉलियुरेथेन रंगाने. तो सुकतानाच स्वतःहून सपाट होतो आणि जेलकोटपेक्षा अधिक चकाकतो. अशा काही रंगांवर कंपाउंड मारायला उत्पादकच मनाई करतात, कारण त्यांची चमक वरच्या अतिपातळ पापुद्र्यात असते आणि तो घासला की संपते. इथे झाकलेले तेज प्रकट झाले असे कोणी म्हणत नाही. आचार्यांच्या भाषेत हा सरळ सरळ गुण घालण्याचा संस्कार आहे, आणि रंगाऱ्याचे बिलही त्याच हिशेबाने येते.